पान एक कसं लावायचं: जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर नव्यानं आलेल्यांसाठी

जुलैमध्ये राज्यभर मुसळधार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशीचे सहा शहरांतले अंक शेजारी शेजारी मांडून बघा. मुंबईच्या पहिल्या पानावर रुळांवर साचलेलं पाणी आणि हिंदमाता असते. पुण्यात खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग आणि पाण्याखाली गेलेला भिडे पूल. नाशकात गोदाकाठचा दुतोंड्या मारुती, कारण पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं यावरच तिथली माणसं पुराचं माप काढतात. सोलापुरात उजनी किती टक्क्यांवर गेलं, संभाजीनगरात जायकवाडीत किती आवक सुरू झाली आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट, किती इंच.

पाऊस तोच आहे, काही ठिकाणी पाणीसुद्धा तेच आहे. खडकवासल्यातून सुटलेलं पाणी पुण्यात धास्ती असतं आणि पुढे उजनीत पोचलं की सोलापूरकराला हायसं वाटतं. नाशिकच्या पुराचं पाणी पैठणला जायकवाडीत पोचतं तेव्हा मराठवाड्याचा उन्हाळा सुसह्य होणार असतो. पहिलं पान स्थानिक कसं होतं हे मला कोणी विचारलं तर मी आधी हे सहा अंक दाखवते.

मी बरीच वर्षं जिल्हा आवृत्तीचं पान एक लावत आले आहे. उदाहरणं बहुतेक कोल्हापूरची देते, कारण तिथली नदी, ऊस आणि रस्ते मला पाठ आहेत. तुम्ही जळगावला असाल तर केळी घाला, लासलगावच्या बाजूला असाल तर कांदा, रत्नागिरीत असाल तर आंबा आणि कोकण रेल्वे. कामाची रीत तीच राहते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दिल्लीत काय झालं ते वाचकाला आपल्याकडूनच कळतं, ते तपासायला तो जाऊ शकत नाही. पण घाटावर पाणी कुठवर आलं हे तो चहा पिऊन झाल्यावर स्वतः जाऊन बघतो. स्थानिक वाचकाला आपली बातमी तपासता येते. पहिल्या पानाची सगळी ओढ त्यातून तयार होते आणि पान फसतं तेही तिथेच. आपल्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट छापील पानावर जशीच्या तशी सापडली की त्याचा उरलेल्या पानावरही विश्वास बसतो.

पहिली पायरी: आधी नकाशा

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात जिल्ह्याचा मोठा नकाशा मिळवा आणि त्यावर तालुके पाठ करा. कोल्हापूरचे बारा आहेत: करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, कागल, हातकणंगले, शिरोळ, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड. मग त्याच नकाशावर तीन रंगांनी रेघा ओढा: माणूस बाजाराला कुठे जातो, दवाखान्याला कुठे जातो आणि मुलं कॉलेजला कुठे जातात.

या रेघा जिल्ह्याची हद्द पाळत नाहीत. चंदगडचा माणूस कितीतरी कामांसाठी बेळगावला जातो. शिरोळ तालुक्यातल्या गावांना सांगली जवळची. निपाणी कर्नाटकात आहे, पण तिथल्या मराठी वाचकाचं लक्ष कोल्हापूरकडे असतं. म्हणून बेळगावात रस्ता बंद झाला तर ती चंदगडच्या वाचकाची पहिल्या पानाची बातमी आहे, मग आपल्या कार्यालयाच्या हिशेबात ती ‘दुसऱ्या राज्यातली’ असली तरी. सीमाभागात १ नोव्हेंबरला काळा दिन पाळला जातो. ती आठवण कोल्हापूरच्या पानावर दरवर्षी का येते, हे मुंबईहून आलेल्या नव्या उपसंपादकाला सांगावं लागतं. नकाशा बघितलेल्याला सांगावं लागत नाही.

तालुका बातमीदारांशी रोज एकदा तरी बोला, आणि बातमी मागायची नसेल तेव्हा जास्त बोला. पेरणी कुठवर आली, एसटीची कुठली फेरी बंद झाली, यात्रा कधी आहे. ही माहिती पानावर येईलच असं नाही, पण रात्री दहा वाजता दोन बातम्यांपैकी कुठली वर घ्यायची हा निर्णय तिच्यामुळेच बरोबर होतो.

दुसरी पायरी: लीड, म्हणजे पानाची मुख्य बातमी, ठरवताना विचारायचा प्रश्न

संध्याकाळच्या बैठकीत यादी समोर येते. मंत्र्यांचा दौरा, महापालिकेची सभा, एक अपघात, कारखान्याची वार्षिक सभा, दिल्लीचा एक निर्णय, पावसाचा अंदाज. यातलं मोठं काय, असं विचारलं तर वाद संपत नाही. त्याऐवजी विचारा, या बातमीमुळे उद्या सकाळी कोण काय वेगळं करणार आहे?

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेसाठी तेच आकडे ४० आणि ४५. बाहेरच्या माणसाला हे नुसते आकडे वाटतील. पण पातळी ३९ च्या पुढे गेली की प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतली माणसं जनावरं कुठे हलवायची ते बोलू लागतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एक दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. ‘राधानगरीचे पाच दरवाजे उघडले’ एवढ्या ओळीवर नदीकाठचा शेतकरी मोटर काढायला निघतो. ही बातमी लीड आहे. मंत्र्यांचा दौरा आत गेला तर कोणाची सकाळ बदलत नाही.

याचा अर्थ पहिल्या पानावर फक्त जिल्ह्याचं घ्यायचं असा काढू नका. जिल्ह्यातल्या वाचकाला खड्डे आणि नळाचं पाणी यापलीकडे काही नको असतं, असं समजणं हा त्या वाचकाचा अपमान आहे, आणि तो अपमान मी डेस्कवर पुष्कळदा ऐकला आहे. भारतानं विश्वचषक जिंकला, सरकार पडलं, सर्वोच्च न्यायालयानं मोठा निकाल दिला, तर तीच लीड. गडहिंग्लजचा शिक्षक मुंबईच्या वाचकाइतक्याच उत्सुकतेनं ती वाचतो. अनेक वृत्तपत्रांनी स्थानिक बातम्यांसाठी वेगळी पुरवणी काढून हा प्रश्न सोडवला, ‘लोकमत’ची ‘हॅलो’ पुरवणी वाचकांना चांगली माहीत आहे. पुरवणी असली तरी पान एकवर जिल्ह्याचं किती घ्यायचं हे रोज नव्यानं ठरवावं लागतं. ठरावीक कोटा ठेवला की मोठ्या दिवशी तो आडवा येतो आणि रिकाम्या दिवशी भरताड घ्यावं लागतं.

दहावीच्या निकालाचा दिवस नव्या माणसानं सरावासाठी घ्यावा. राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत. मुंबईहून बातमी येते ती राज्याच्या टक्केवारीची. कोल्हापूर विभागात मात्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे. वाचक आधी आपला विभाग कितवा हे बघतो, मग तिघांत पुढे कोण हे बघतो आणि त्याच्यानंतर राज्याकडे वळतो. त्या क्रमानं इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, लिहा. राज्याची टक्केवारी तिसऱ्या वाक्यात आली तरी चालते.

तिसरी पायरी: दिल्लीचा आकडा आपल्या मापात आणा

स्थानिक पानाचं सगळ्यात कसबाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

केंद्रानं २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये जाहीर केली, १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण). वृत्तसंस्थेची बातमी इतकीच येते. ती तशीच लावली तर पान दिल्लीचं होतं. शिरोळचा शेतकरी क्विंटलमध्ये हिशेब करत नाही, तो टनाला किती ते विचारतो. म्हणून पहिलं काम, टनाला ३,५५० रुपये. दुसरं काम उताऱ्याचं. मूळ उताऱ्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात. कोल्हापूर-सांगलीच्या बहुतेक कारखान्यांचा उतारा १०.२५ च्या वर असतो. समजा एखाद्या कारखान्याचा उतारा १२ टक्के आहे, तर वाढ ३.४६ च्या साडेसतरा पट, म्हणजे क्विंटलला ६० रुपये ५५ पैसे, आणि टनाचा हिशेब ४,१५५ रुपयांवर जातो. तिसरं काम, यातून तोडणी-वाहतूक वजा होते हे त्याच चौकटीत सांगा. ती वजावट कारखान्यागणिक वेगळी असते. हातात नेमका आकडा नसेल तर अंदाज छापू नका, ‘तोडणी-वाहतूक वजा जाता’ हे शब्द मात्र हवेतच.

आणि मग मथळ्यात ‘एफआरपी’च्या बरोबरीनं ‘पहिली उचल’, म्हणजे उसाच्या पैशाचा पहिला हप्ता, कुठे बसते ते बघा. शेतकरी बोलताना पहिली उचल किती, असं विचारतो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत मागणीचा आकडा ठरतो तोही उचलीचा. केंद्राचा दर आणि परिषदेतली मागणी यांत अंतर किती, ही खरी बातमी आहे. ती आपल्या डेस्कवर तयार होते, दिल्लीहून येत नाही.

अर्थसंकल्पाच्या दिवशी हाच नियम. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाला काही मिळालं की नाही हे शोधायला जो उपसंपादक आधी बसतो, त्याच्या पानाचं दुसऱ्या दिवशी लोक कात्रण काढतात.

चौथी पायरी: मथळा मोठ्यानं वाचा

आपला अंक एक माणूस एकट्यानं वाचतो असं धरू नका. गावाच्या पारावर, सलूनमध्ये, दूध संस्थेच्या बाकावर एक जण मथळा वाचतो आणि चार जण ऐकतात. म्हणून पान छपाईला सोडायच्या आधी पहिल्या पानावरचे सगळे मथळे आवाज काढून वाचा. ज्या शब्दावर तुमची जीभ अडखळली, तो बदला.

‘जिल्ह्यात पावसाचा कहर, जनजीवन विस्कळीत’ हा मथळा कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही वर्षी चालतो. त्यामुळे तो कोणाचाच नाही. त्याच बातमीचा दुसरा मथळा बघा: ‘पंचगंगा ३९ फुटांवर; गगनबावडा रस्ता बंद’. यात ओरड नाही, पण वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळल्या आणि त्यातली एक त्याचं आजचं काम ठरवणार आहे. शिवाय कहर, थैमान, हाहाकार हे शब्द पहिल्या दिवशीच खर्च केले की तिसऱ्या दिवशी पाणी खरोखर घरात शिरतं तेव्हा तुमच्याकडे शब्द उरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्यानं बंद झाला. अशा दिवसांसाठी मोठा टाइप आणि मोठा शब्द राखून ठेवायचा असतो.

एकेरी अवतरणातल्या आखूड नावांबद्दल सावध राहा. जागा वाचवायला आपण ‘राजाराम’ लिहितो. कोल्हापुरात राजाराम नावाचा बंधारा आहे, साखर कारखाना आहे आणि कॉलेजही आहे. ‘भोगावती’ नदी आहे आणि कारखानाही. ‘‘भोगावती’ची पातळी घसरली’ हे कारखान्याच्या राजकारणाबद्दलही वाचता येतं. ‘गोकुळ’ म्हटलं की मात्र दूध संघच, तिथे शंका नाही. कुठलं आखूड नाव एकट्यानं उभं राहतं आणि कुठल्याला सोबत लागते, याची एक वही करा.

बोलीचा वापर जपून करा. आजरा-चंदगडच्या हत्तीला तिथली माणसं टस्कर म्हणतात, तर मथळ्यात टस्करच घ्या, तो शब्द नेमका आहे. पण प्रत्येक यशाच्या बातमीला ‘नाद खुळा’ लावला की वाचकाला आपली भाषा सजावटीला वापरल्यासारखी वाटते. जिथे माणूस खरोखर तो शब्द बोलला असेल, तिथे तो अवतरणात ठेवा.

पाचवी पायरी: फोटो

स्टॉलवर अंक घडी घातलेला असतो. घडीच्या वरच्या अर्ध्या भागात मास्टहेड (वृत्तपत्राच्या नावाची पट्टी), लीडचा मथळा आणि फोटोचा मोठा भाग एवढंच दिसतं. म्हणून फोटोतली ओळखीची खूण घडीच्या वर आली पाहिजे. पंचगंगा घाटावरच्या पाण्याचा फोटो असेल तर समाधी मंदिरं आणि दीपमाळ वर हवी. पाणी किती चढलं हे कोल्हापूरचा माणूस तिच्यावरून ओळखतो, त्याला ओळ वाचावी लागत नाही. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो तेव्हा पुराचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडतं आणि भाविक तिथे स्नान करतात. तिथे पूर म्हणजे पर्वणी. त्या फोटोला ‘पुराचा वेढा’ अशी ओळ देणारा उपसंपादक मी पाहिला आहे. फोटो उत्तम होता, ओळीनं तो परका केला.

वारीच्या दिवसांत एकाच पालखीचे फोटो आवृत्तीगणिक कसे बदलतात ते बघून ठेवा. माउलींची पालखी पुण्याच्या पानावर दिवे घाटात असते, साताऱ्याच्या पानावर नीरेत पादुकांना स्नान घालताना आणि सोलापूरच्या पानावर धर्मपुरीला जिल्ह्यात पाऊल टाकताना. तिन्ही फोटो सुंदर असतात, पण दिवे घाटाचा फोटो सोलापूरला मोठा लावला तर तिथल्या वाचकाचं स्वागत चुकलं.

फोटोओळीत जागा, वार आणि वेळ लिहा. नदीकाठचा फोटो तर वेळेशिवाय लावूच नका. आणि समाजमाध्यमांतून आलेला पुराचा फोटो छायाचित्रकाराला दाखवल्याशिवाय पान एकवर घेऊ नका. जुने फोटो दर पावसाळ्यात नव्यानं फिरतात. छायाचित्रकाराला त्या वर्षी कुठली भिंत रंगवलेली होती आणि कुठला फलक कुठे लागला होता तेसुद्धा आठवतं.

सहावी पायरी: डाक आणि शहर

सगळ्यात लांबच्या तालुक्याचा अंक सगळ्यात आधी छापला जातो. चंदगड-आजऱ्याची अंकांची गाडी रात्री लवकर निघते, शहराचं पान मात्र मध्यरात्रीनंतरही बदलता येतं. त्यामुळे रात्री अकराला घेतलेली पातळी शहरात पोचते, पण डाक आवृत्तीत, म्हणजे लांबच्या तालुक्यांसाठी आधी छापलेल्या अंकात, संध्याकाळची असते. यावर उपाय एकच, आकड्यासोबत वेळ. ‘शुक्रवारी रात्री ८ वाजता ४१ फूट ३ इंच’ असं लिहिलं की लांबच्या वाचकालाही बातमी खरीच मिळते, फक्त थोडी आधीची. वेळ गाळली की तोच आकडा सकाळी चुकीचा ठरतो.

पान लावतानाच बदलणारा मजकूर एका चौकटीत ठेवा: पातळी, पाण्याखालचे बंधारे, बंद रस्ते, धरणांचा विसर्ग. चौकटीचा आकार ठरलेला असला की रात्री एक वाजता फक्त तेवढीच बदलायची आणि छपाईची नवी प्लेट काढायची. लीडच्या मजकुरात हे आकडे पेरून ठेवले तर घाईत तीन ठिकाणी बदलावे लागतात आणि एखाद्या ठिकाणी जुना राहून जातो. मग एकाच पानावर नदीच्या दोन पातळ्या छापल्या जातात.

आणखी एक, डाकच्या पानाला शहराच्या पानाची आधीची प्रत समजू नका. चंदगडला जाणाऱ्या पानावर कोल्हापूर शहरातल्या वाहतूक कोंडीची तीन कॉलम बातमी कशाला? तिथे काजूचा दर किंवा हत्तींनी तुडवलेलं रान घ्या. एक बातमी आणि एक फोटो बदलला तरी पान त्या तालुक्याचं होतं, आणि त्याला अर्धा तास लागतो.

सातवी पायरी: नावं

हे मी चूक करून शिकले, म्हणून सविस्तर सांगते.

एका जुलैच्या रात्री आमच्या पान एकवर पुराची बातमी होती. मथळा दोन कॉलमचा आणि जागा कमी. ‘प्रयाग चिखलीला पाण्याचा वेढा’ बसेना, म्हणून मी ‘प्रयाग’ काढलं आणि ‘चिखलीला पाण्याचा वेढा’ सोडलं. मजकुरात पूर्ण नाव होतं. सकाळी साडेसहाला कार्यालयाचा फोन माझ्याकडे वळवला गेला. पलीकडे कागल तालुक्यातल्या चिखलीचे एक गृहस्थ होते. त्यांची मुलगी मुंबईला दिलेली. तिनं मोबाइलवर पान उघडलं, मथळा वाचला आणि पुढचं न वाचता जावयाला घेऊन गाडीला बसली. ते रागावले नव्हते. ते म्हणाले, “बाई, गाव आमचं बी चिखलीच हाय. पण पाणी त्यांच्यात आलंय. तेवढं नीट लिवा.”

त्या दिवशी मी वहीत जोड्या लिहायला घेतल्या. शिरोली पुलाची वेगळी आणि शिरोली दुमाला वेगळी. कसबा बावडा शहराला लागून आणि गगनबावडा घाटमाथ्यावर. वडगाव म्हणजे पेठवडगाव की दुसरं कुठलं. भुदरगड तालुका आहे, पण त्याचं मुख्य ठिकाण गारगोटी. मथळ्यात जागा नसेल तर शब्द कुठलाही काढा, गावाचं पूर्ण नाव काढू नका. आणि ई-पेपरवर, मोबाइलवर पान बघणारा गावाबाहेरचा वाचक बहुतेक वेळा मथळा आणि फोटो एवढंच बघतो, हे धरून चाला. मुंबई-पुण्यात किंवा आखातात असलेल्या माणसाला घरची काळजी असते, आणि पान उघडताच तो आपल्या गावाचं नाव शोधतो.

नावाची दुसरी बाजू याच्या उलट आहे. काही नावं छापायचीच नसतात. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. मोठ्या शहरात नाव गाळलं की ओळख झाकली जाते. तीनशे उंबऱ्यांच्या गावात तसं होत नाही. वाडीचं नाव, शाळेची इयत्ता, बापाचा धंदा यातले दोन तपशील एकत्र आले की सगळ्या पंचक्रोशीला मुलगी कळते. जिल्हा आवृत्तीत म्हणून गावाचं नावही काढायचं, तालुक्यावर थांबायचं, आणि आरोपी घरातला असेल तर त्याचं नाव व नातं हेही छापायचं नाही, कारण त्यातून तीच ओळखली जाते. बातमीदार म्हणेल, सगळ्यांना माहीतच आहे. तरीही नाही. आपण लोकांच्या इतक्या जवळ आहोत, म्हणून आपल्यावर हे बंधन मुंबईच्या पानापेक्षा जास्त आहे.

आठवी पायरी: छोट्या जागा

मास्टहेडच्या दोन्ही बाजूंचे कान, खालची पट्टी, सिंगल कॉलम. नव्या माणसाला या जागा भरणा वाटतात. वाचकाला नाहीत. धरणसाठा, सोन्याचा दर, बाजार समितीतला गुळाचा दर, उद्या पाणी कुठल्या भागात येणार नाही, हे तो रोज त्याच जागी शोधतो. जागा बदलू नका. गुळाचा दर एक दिवस आत गेला की फोन येतो, संपादकीयाला मात्र आठवडाभर फोन येत नाही.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. नेत्याचा वाढदिवस किंवा सणाची खरेदी असली की जॅकेट, म्हणजे अंकावर गुंडाळलेलं जाहिरातीचं पान, येतं आणि आपलं पान एक आत ढकललं जातं. जॅकेटच्या वरच्या पट्टीत दोन ओळी मिळतात का ते जाहिरात विभागाला दुपारीच विचारा, रात्री नाही. पुराच्या दिवशी त्या दोन ओळींत नदीची पातळी आणि बंद रस्ते द्या. आणि पैसे देऊन आलेला मजकूर बातमीच्या टाइपमध्ये, बातमीसारखा मथळा देऊन लावायला कोणी सांगितलं तर नकार द्या. तो नेता कसा आहे हे वाचकाला रोज दिसतं, आपल्या गल्लीतला रस्ता तर वाचक रोज तुडवतो.

नववी पायरी: सकाळी

पान सोडून घरी गेलं की काम संपलं असं वाटतं. पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा तरी पहाटे पाचला वितरणाच्या ठिकाणी जा. विक्रेते गठ्ठे सोडतात, पुरवण्या घालतात आणि घडी घालताना पहिलं पान बघतात. ते काय बोलतात ते ऐका. कुठल्या अंकाला आज जास्त मागणी आहे हे त्यांना सहाच्या आतच कळलेलं असतं.

तिथून एखाद्या तालुक्याची एसटी पकडा. स्टँडवर अंक घ्या आणि वाचणाऱ्याच्या शेजारी बसा. तो मथळा वाचून पान उलटतो, की चौकटीत बोट ठेवून आकडे वाचतो, की शेजाऱ्याला काही दाखवतो? मी एकदा शिरोळच्या गाडीत एका आजोबांना आमच्या पानावरची पातळी मनगटावर पेननं लिहून घेताना पाहिलं. कुरुंदवाडला उतरून ते नदीकडे गेले. मीही मागोमाग गेले. त्यांनी काठावरच्या खुणेकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, “रातीपास्नं चार बोटं चढलंय.”

त्या रात्रीपासून आमच्या चौकटीत पातळीच्या शेजारी आणखी एक रकाना आला, ‘मागच्या बारा तासांतली वाढ’. तुम्हीही असा एखादा रकाना शोधून आणा.